छोटा मिक्सर गळ्यात पडलाय, सुरुवात कुठून करू?

मधली_पट्टी

नमस्कार मंडळी. आमचा दहा-बारा जणांचा हौशी गट आहे. गाणी, अभिवाचन, अधूनमधून एखादी एकांकिका असं काहीबाही चालू असतं. इतके दिवस साउंड भाड्याने यायचा, त्याच्यासोबत माणूसही यायचा आणि आपण नुसतं "जरा आवाज वाढवा हो" म्हणायचं. आता गटाने स्वतःचा बारा चॅनलचा अ‍ॅनालॉग मिक्सर घेतलाय आणि "तुला कॉम्प्युटर येतो ना" एवढ्या पात्रतेवर तो माझ्याकडे आलाय.

परवा पहिली तालीम झाली. साठेक खुर्च्यांची खोली, दोन पॉवर्ड स्पीकर, एक मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवायचा स्पीकर), माईक, कीबोर्ड आणि लॅपटॉप. अडचणी अशा:

बारा चॅनल म्हणून घेतला, पण माईक लागतात चारच. बाकीची भोकं वेगळीच आहेत.

हळू आवाजात गाणारी मुलगी आली की आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की शिट्टी.

लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून सतत घूंऽऽ.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे लॅपटॉपवर गाणं लावलं तर वाद्यं वाजतात पण गायक गायब! लांबच्या विहिरीतून यावा तसा त्याचा एको तेवढा ऐकू येतो. लॅपटॉपला हेडफोन लावला की गायक परत हजर. ही काय भुताटकी?

पुस्तिका दोनदा वाचली. प्रत्येक बटण काय करतं ते तिच्यात आहे, पण आधी कुठलं बटण आणि मग कुठलं, ते नाही. रिकाम्या टेबलापासून सुरुवात करायची तर क्रम काय?

उगाच_एक

गायकाला गायब करणारा मिक्सर? आमच्या ओळखीतल्या दोन-तीन गायकांसाठी हवा आहे. मॉडेल सांगा.

वायरगुंडाळे

भुताटकी नाही, केबल आहे. लॅपटॉपच्या हेडफोन भोकातून निघून मिक्सरच्या एकाच मोठ्या जॅकमध्ये जाणारी वायर वापरलीत ना? आणि त्या मोठ्या पिनेवर दोन काळ्या रिंगा आहेत ना? फोटो न बघता सांगतोय.

मधली_पट्टी

हो! दोन रिंगा आहेत. तुम्हाला कसं कळलं?

वायरगुंडाळे

कारण मीही कधीकाळी दोन तास डोकं आपटलंय.

पिनेला दोन रिंगा म्हणजे तीन कप्पे: टोक, मधला भाग आणि मागची बाही. हेडफोनच्या भाषेत टोक म्हणजे डावा, मधला म्हणजे उजवा आणि बाही म्हणजे सामायिक. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला मात्र ही भाषा येत नाही. त्याची समजूत अशी की टोकावर सिग्नल आहे आणि मधल्या भागावर त्याच सिग्नलची उलटी प्रत. म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. तुमच्या बाबतीत तो डाव्यातून उजवा वजा करत बसलाय.

बहुतेक गाण्यांत गायक बरोबर मध्ये ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. सारख्यातून सारखं गेलं की शून्य. कडेला ठेवलेली वाद्यं आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला एको मात्र उरतो, कारण तो सारखा नसतो. तोच तुमचा विहिरीतला आवाज. बेस आणि मुख्य ढोलही बहुधा मध्येच असतात, त्यामुळे तेही बारीक झाले असतील. ऐकून बघा.

उपाय: एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना अशी फुटणारी केबल घ्या आणि स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या जॅकमध्ये एकेक लावा.

मधली_पट्टी

बेस नव्हताच! मला वाटलं स्पीकरच हलके आहेत.

ओहमचा_नियम

वरच्यात एक भर. ही वजाबाकी म्हणजे मिक्सरचा दोष नाही, तो त्याचा सर्वात मोठा गुण आहे. माईकच्या केबलमध्ये दोन तारांवरून एकमेकांच्या उलट सिग्नल जातात. वाटेत बाहेरचा खरखराट घुसला तर तो दोन्ही तारांवर सारखाच घुसतो. शेवटी वजाबाकी झाली की खरखराट मरतो आणि सिग्नल दुप्पट होतो. म्हणून एक्सएलआर, म्हणजे माईकची तीन पिनांची केबल तीस-चाळीस मीटर ओढली तरी चालते आणि गिटारची साधी केबल पाच-सहा मीटरच्या पुढे कुरकुरायला लागते. एक्सएलआरमध्ये पिन १ जाळी (तारांभोवतीचं धातूचं आवरण), पिन २ सुलटी, पिन ३ उलटी.

थोडक्यात, तुमच्या मिक्सरने गायकाला खरखराट समजून बाहेर काढला.

उगाच_एक

म्हणजे मिक्सरला गाणं कळतं. मी आधीच म्हणत होतो.

कानसेन

ताई, बारा चॅनलचं दुखणं आधी संपवू. छोट्या मिक्सरच्या खोक्यावरचा आकडा इनपुटांची बेरीज असतो. स्टिरिओ जोडी दोन म्हणून मोजतात. त्यामुळे बारातले चार माईकचे आणि उरलेले आठ म्हणजे चार स्टिरिओ जोड्या, असं सर्रास असतं. फसवणूक नाही, पण वाचणारा फसतो खरा. त्या स्टिरिओ जोड्या कीबोर्ड, लॅपटॉप, फोन यांच्यासाठी. तिथे माईक लावून उपयोग नाही, कारण माईकचा सिग्नल लाइनच्या (म्हणजे कीबोर्ड-लॅपटॉपच्या) सिग्नलपेक्षा सुमारे हजारपटीने बारीक असतो आणि त्याला आधी मोठं करणारा प्रीअ‍ॅम्प लागतो.

आता क्रम. सगळे इक्यू (बेस-ट्रेबलचे नॉब) मध्यावर, सगळे ऑक्स (मॉनिटर-एकोकडे पाठवायचे नॉब) शून्यावर, सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) खाली, गेन (आत येणारा सिग्नल मोठा करणारा नॉब) पूर्ण डावीकडे. मग एकेक चॅनल घ्यायचा. पीएफएल किंवा सोलो बटण दाबा, म्हणजे मीटर फक्त त्या चॅनलची पातळी दाखवेल. गाणाऱ्याला म्हणा, सगळ्यात जोरात जी ओळ आहे ती म्हण. "हॅलो हॅलो वन टू थ्री" नको, तसं कुणी गात नाही. ती ओळ चालू असताना गेन हळूहळू वाढवा. मीटर सरासरी शून्याच्या आसपास खेळला पाहिजे, जोराच्या जागी वर चार-सहापर्यंत गेला तरी हरकत नाही. शून्य म्हणजे काठ नव्हे. अ‍ॅनालॉग टेबलावर त्याच्या वर अजून १५ ते २० डेसिबल जागा असते.

एवढं सगळ्या चॅनलना झालं की मग फेडर. आणि इक्यूला तोपर्यंत हात लावायचा नाही. आधी कळस मग पाया करणारे फार.

रियाझ_नंतर

मी उलटं करतो. फेडर शून्याच्या खुणेवर, मास्टर शून्यावर, आणि मग खोलीत हवा तेवढा आवाज येईपर्यंत गेन वाढवतो. गेली आठ वर्षं. छोट्या खोलीत कानसेनांच्या पद्धतीने गेन लावला तर फेडर पार तळाला ठेवावे लागतात आणि तिथे बोटभर हललं की आवाज एकदम जातो किंवा येतो.

कानसेन

फेडरबद्दल बरोबर बोललात. पट्टीवरच्या खुणा बघा: शून्याजवळ पाच-पाच डेसिबलमध्ये भरपूर अंतर आणि तळाशी वीस डेसिबल बोटाच्या पेराएवढ्या जागेत. बारीक काम शून्याजवळच होतं.

पण तुमच्या पद्धतीत कार्यक्रम चालू असताना गेन हलवायचा मोह होतो, आणि गेन हलला की मॉनिटरही हलतो. सभागृहासाठी तुम्ही तीन डेसिबल दिलेत, ते मॉनिटरलाही गेले आणि तिथून शिट्टी. दुसरं, सगळे गेन खूप खाली ठेवले की कमतरता मग स्पीकरच्या मागच्या नॉबने भरून काढतात आणि सगळ्या टेबलाची सळसळ मोठी होऊन येते.

छोट्या खोलीत फेडर तळाला जात असतील तर पॉवर्ड स्पीकरच्या मागचा नॉब कमी करा. तो नॉब जन्मभर पूर्ण उजवीकडेच राहिला पाहिजे असा काही नियम नाही.

रियाझ_नंतर

स्पीकरचा नॉब हा मुद्दा मान्य. बाकी मी माझंच करणार. :)

तबला_आणि_मी

गेन लावताना माझ्यासारख्यांना वेगळं बघा. गायक वाढत वाढत जातो, तबल्याची थाप एकदम येते. मीटरचे दिवे तेवढ्या चपळाईने दाखवत नाहीत. नुसता ठेका ऐकून गेन लावलात तर तिहाईला लाल दिवा लागतो. आम्हाला तिहाईच वाजवायला सांगा. आम्ही नाही म्हणत नाही.

गाणारी_चिमणी

माईकसमोर उभ्या राहणाऱ्यांच्या वतीने लिहिते. शिट्टी आली की सगळे गाणाऱ्याकडे वळून बघतात, जणू आम्हीच वाजवली.

एकदा मॉनिटरमध्ये माझा आवाज छान येत होता. दुसऱ्या गाण्यात अचानक गेला. मी जोर लावला, मग आणखी जोर, शेवटी घसा बसला. नंतर कळलं की बाहेर माझा आवाज जास्त होतोय म्हणून साउंडवाल्याने फेडर खाली घेतला होता, तर मॉनिटरमधूनही मी गेले. मी जोर लावला म्हणून त्याने अजून खाली घेतला. दोघेही प्रामाणिकपणे आपापलं काम करत होतो!

कानसेन

चिमणीताई, तुमचा मॉनिटर पोस्ट-फेडर ऑक्सवर होता. ऑक्स म्हणजे प्रत्येक चॅनलमधून निघणारी छोटी पाटाची वाट. ती फेडरच्या आधी फुटली तर प्री, नंतर फुटली तर पोस्ट. मॉनिटरला कायम प्री, म्हणजे बाहेर काहीही करा, गाणाऱ्याला फरक पडत नाही. एकोला पोस्ट, म्हणजे फेडर खाली नेला की आवाजाबरोबर त्याचा एकोही जातो. एको प्रीवर ठेवला तर गायक थांबला तरी त्याचं भूत गात राहतं.

मधली पट्टी ताई, काही छोट्या मिक्सरवर ऑक्स एकच असतो आणि तो पोस्ट असतो. शेजारी प्री-पोस्टचं बटण आहे का ते बघा.

मधली_पट्टी

दोन आहेत. एकाला प्रीचं बटण आहे आणि दुसऱ्यावर एफएक्स, म्हणजे एकोसाठीचा, असं लिहिलंय. मी मॉनिटर एफएक्सच्या भोकात लावला होता. कुणी हसू नका.

उगाच_एक

हसलो.

डिजिटल_दादा

प्रामाणिक सल्ला देऊ का? अ‍ॅनालॉग घेऊन चूक केलीत. आजकाल तेवढ्याच आकाराचा डिजिटल मिक्सर मिळतो. प्रत्येक चॅनलला चार पट्ट्यांचा इक्यू, कॉम्प्रेसर, गेट, चार-सहा मॉनिटर वेगवेगळे. सगळी मांडणी जतन करून ठेवता येते, पुढच्या वेळी एका बटणात परत. टॅबलेट घेऊन खुर्च्यांमध्ये फिरत मिक्स करता येतं, कोपऱ्यात बसावं लागत नाही.

उगाच_एक

आणि ऐन वेळी टॅबलेटचं वायफाय तुटलं की खुर्च्यांमध्ये फिरत बघत बसता येतं.

कानसेन

दादांचं म्हणणं खोटं नाही, मीही दोन्ही वापरतो. पण शिकायला अ‍ॅनालॉग बरा. सिग्नल वरून आत शिरतो, गेन, मग इक्यू, मग ऑक्स, मग पॅन (डावं-उजवं), शेवटी फेडर, असा खाली उतरत येतो. बहुतेक टेबलांवर तो दिसतो तसाच वाहतो. अडलं तर बोट ठेवून खाली यायचं, कुठे अडलं ते सापडतं. डिजिटलमध्ये तेच तिसऱ्या पानाच्या दुसऱ्या खिडकीत असतं.

आणि डिजिटलवर गेलात तर मीटरची सवय बदला. तिथे शून्य म्हणजे खरोखरच छत. त्यावर काहीच नाही, आवाज सरळ कापला जातो. सरासरी उणे १८ च्या आसपास ठेवतात.

घरबसल्या

विषय थोडा सोडून. माझ्याकडे यूएसबीवाला छोटा मिक्सर आहे, ऑनलाइन गप्पांचं रेकॉर्डिंग करतो. समोरच्याला स्वतःचाच आवाज अर्ध्या क्षणाने परत ऐकू येतो आणि तो बोलता बोलता थांबतो. मला इकडे काहीच जाणवत नाही. काय करू?

ओहमचा_नियम

त्याचा आवाज कॉम्प्युटरमधून यूएसबीने मिक्सरमध्ये येतो, तुमच्या मुख्य मिक्समध्ये पडतो, आणि तोच मुख्य मिक्स यूएसबीने परत त्याच्याकडे जातो. त्याला तुमच्या मिक्समधून त्याचाच आवाज वजा करून पाठवायला हवा. यूएसबी परतीसाठी बटण असेल तर ते मुख्यवरून काढून फक्त हेडफोनवर वळवा. नसेल तर माईकचा ऑक्स वर करून त्या ऑक्सचा आउटपुट कॉम्प्युटरला द्या. त्यासाठी कॉम्प्युटरला वेगळं इनपुट लागेल.

आणि आणखी एक. अशा बऱ्याच अ‍ॅनालॉग मिक्सरचं यूएसबी दोनच चॅनल पाठवतं, डावा आणि उजवा. प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड होईल असं समजून घेणारे बरेच जण नंतर खट्टू होतात.

घरबसल्या

बटण होतं. मागच्या बाजूला, लिहिलेलं दिसत नाही अशा जागी. सुटला प्रश्न. वजाबाकीचा धागा झालाय हा.

वायरगुंडाळे

परत घूंकडे येऊ या. ताई, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तरी घूं येते का?

मधली_पट्टी

आत्ताच घरी करून बघितलं. चार्जर काढला की चिडीचूप! म्हणजे चार्जर खराब?

ओहमचा_नियम

चार्जर ठणठणीत आहे. लॅपटॉप चार्जरमार्फत अर्थला जोडलेला, मिक्सर त्याच्या वायरीने अर्थला जोडलेला, आणि दोघांच्या मध्ये तुमची ऑडिओ केबल. तिच्या जाळीतून गोल पूर्ण होतो. दोन अर्थमध्ये जरासा जरी फरक असला तरी त्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. जिथे वीज ५० हर्ट्झची, तिथे ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण. ६० हर्ट्झवाल्यांची घूं थोडी वरच्या सुरात.

आधी फुकटचा उपाय: लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. नाही गेली तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर मध्ये घाला. त्यात दोन गुंडाळ्यांमध्ये धातूचा संबंधच नसतो, सिग्नल चुंबकीय वाटेने पलीकडे जातो आणि गोल तुटतो. कार्यक्रम छोटा असेल तर बॅटरीवर चालवा.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली तरी करू नका: प्लगची अर्थची पिन काढून टाकणं. घूं जाते खरी. पण एखाद्या उपकरणात आत वीज सुटली तर तिला जायला वाट उरत नाही, आणि मग ती वाट म्हणजे एका हातात गिटार आणि ओठाला माईक लावून उभा असलेला माणूस. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट हे वेगळं, ते फक्त सिग्नलची जाळी तोडतं. ते बिनधास्त दाबा.

गाणारी_चिमणी

ओठाला चिमटा बसल्यासारखा झटका मी खाल्लाय. माईकवाल्याने "एवढं तेवढं चालतं" असं सांगितलं होतं.

ओहमचा_नियम

चालत नाही. तिथून खाली उतरायचं आणि वायरिंग तपासल्याशिवाय परत माईकला हात लावायचा नाही.

तबला_आणि_मी

शंका. आमच्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं एकच बटण आहे, सगळ्या माईकना लागू. तबल्याला कंडेन्सर माईक आहे, त्याला ते लागतं. पण गायकांचे साधे डायनॅमिक माईक त्याने जळतात म्हणे?

वायरगुंडाळे

नाही जळत. ४८ व्होल्ट पिन २ आणि पिन ३ वर सारखेच येतात, त्यामुळे दोघांच्या मध्ये असलेल्या डायनॅमिक माईकच्या गुंडाळीतून प्रवाहच वाहत नाही. शूरचा एसएम ५८ हा १९६६ पासून जगभर मार खात उभा आहे, त्याला फँटमचं, म्हणजे या ४८ व्होल्टचं, काही वाटत नाही. जपायचं ते जुन्या रिबन माईकला आणि चुकीच्या जोडलेल्या केबलला. बटण दाबण्याआधी सगळे चॅनल म्यूट करा, नाहीतर स्पीकरमधून असा ठोका येतो की पुढची रांग उठून उभी राहते.

कानसेन

राहिली शिट्टी. ती खरं तर बटणांनी फारशी सुटतच नाही, उभं राहण्यानेच सुटते.

स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत स्पीकरमधून येतो, परत शिरतो. ही फेरी ज्या सुरावर सगळ्यात आधी फायद्यात जाते त्या सुराची शिट्टी. म्हणजे माईकला गाणारा जास्त आणि स्पीकर कमी ऐकू यायला हवा. एवढंच.

पहिलं, मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. माईक त्यांच्या मागे. दुसरं, तोंड आणि माईक यातलं अंतर. हळू गाणारी मुलगी माईकपासून वीतभर लांब असेल तर तिला अर्ध्या वितीवर आणा. अंतर निम्मं झालं की माईकपाशी तिचा आवाज साधारण सहा डेसिबल वाढतो आणि स्पीकरचा तेवढाच राहतो. हे सहा डेसिबल तुम्हाला कुठल्याही नॉबमधून मिळणार नाहीत. जवळ आल्यावर आवाज जाड होतो, तेव्हा लो-कट बटण दाबा. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं जातं, गाण्यात तिथे घेण्यासारखं काही नसतं.

तिसरं, मॉनिटर. माईक कार्डिऑइड असेल तर तो बरोबर पाठीमागून बहिरा असतो, मॉनिटर थेट त्याच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर तो मागून थोडं ऐकतो आणि कडेने, सुमारे १२५ अंशांवर, बहिरा असतो. मग मॉनिटर सरळ समोर नाही, जरा बाजूला. खोक्यावर छोटं चित्र असतं ते बघा. आणि माईकची जाळी मुठीत धरणाऱ्याचा हात सोडवा. जाळी झाकली की मागची भोकं बंद होतात आणि माईकला चहूकडून ऐकू यायला लागतं.

चौथं, न लागणारे माईक बंद. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची जागा तीन डेसिबलने घटते. चारऐवजी एकच उघडा असेल तर सहा मिळाले.

एवढं करून उरली तर मधल्या इक्यूचा फिरणारा नॉब असेल त्याने शोधा. 'हू' असा घुमला तर २५० ते ५०० हर्ट्झमध्ये, कानात सुई टोचल्यासारखी असेल तर २००० च्या वर. तिथे तीन-चार डेसिबल कमी करा. दहा नको, नाहीतर शिट्टीबरोबर गायकही जाईल. यावेळी केबल बरोबर असूनही.

मधली_पट्टी

कानसेन दादा, हे प्रिंट काढून भिंतीला लावते. इक्यूचंच विचारायचं होतं. आमचा एक अभिवाचक डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. ट्रेबल वाढवून बघितलं तर स, श, ष अंगावर येतात.

रियाझ_नंतर

ट्रेबल परत मध्यावर. ३०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास कमी करा, डबा तिथे असतो. इक्यूमध्ये आधी काय जास्त आहे ते काढायचं, काय कमी आहे ते नंतर. यावर तरी कानसेनांचं आणि माझं भांडण नाही.

कानसेन

नाही. :)

कानांबद्दलही एक सांगतो, कारण ताई दर आठवड्याला बसणार आहेत. आवाज कमी असताना कानाला बेस कमी ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणून तालमीत हळू आवाजात जुळवलेला मिक्स कार्यक्रमात जोरात लावला की बेसने फुगतो. ज्या आवाजात कार्यक्रम करणार, त्याच आवाजात शेवटचं जुळवायचं. पण तासन् तास तसं बसू नका. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही अमेरिकेच्या नायॉश संस्थेने सुचवलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रात्री कान वाजत झोपलात तर मर्यादा ओलांडली समजा.

मधली_पट्टी

(तीन आठवड्यांनी)

कार्यक्रम झाला! अहवाल देते.

गायक परतला, दोन पिनांची केबल लावली आणि त्याच्याबरोबर बेसही आला. घूं एकाच बोर्डावर लावून निम्मी झाली, उरलेली डीआय बॉक्सने गेली. मॉनिटर प्री ऑक्सवर घेतला आणि माईकच्या पाठीमागे सरकवला. हळू गाणाऱ्या मुलीला जवळ उभं राहायला सांगायचं अवघड होतं, लाजते ती. शेवटी माईकच तिच्याकडे सरकवला. दोन तासांत एकदाच शिट्टी आली, एकाने माईक घेऊन स्पीकरसमोर फेरी मारली तेव्हा.

मध्यंतरानंतर एका माईकचा आवाजच येईना. केबल बदलली, माईक बदलला, घाम फुटला. कानसेन दादांनी सांगितल्याप्रमाणे बोट ठेवून वरून खाली आले. म्यूट दाबलेलं होतं. मीच दाबलं होतं, मध्यंतरात.

आता टेबलाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून क्रम लिहिलाय. आधी सगळ्या केबल लावायच्या, मग स्पीकर चालू, मग मिक्सर चालू, चॅनल म्यूट करून फँटम, एकेकाचा गेन, मॉनिटर, फेडर, शेवटी इक्यू. काही चुकलं का?

वायरगुंडाळे

एकच. मिक्सर आधी चालू, स्पीकर सर्वात शेवटी. बंद करताना उलट, स्पीकर आधी. नाहीतर मिक्सर सुरू-बंद होतानाचा ठोका सरळ स्पीकरच्या पडद्यावर बसतो. आणि केबल कोपराला गुंडाळू नका, आतली तार पिळते. एक वेटोळं सुलटं, एक उलटं, असं घ्या. माझं नाव काय उगाच नाही.

मधली_पट्टी

पट्टीवर खोडून दुरुस्त केलं. आता शेवटची शंका: गाण्याला एको छान वाटतो, पण गाणं संपून गायिका निवेदन करायला लागली की देवळाच्या गाभाऱ्यातून बोलल्यासारखं वाटतं. दर वेळी प्रत्येक चॅनलचा एफएक्स नॉब फिरवत बसायचं का?

रियाझ_नंतर

एफएक्सच्या परतीला स्वतःचा फेडर किंवा म्यूट असतो. गाणं संपलं की तो एकच दाबायचा. बऱ्याच मिक्सरना मागे फूटस्विचचं भोकही असतं, पायाने होतं.

मधली_पट्टी

आहे की! मास्टरच्या शेजारीच, एफएक्स म्यूट. तीन आठवडे त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते.

वायरगुंडाळे

मिक्सरवर कप???

उगाच_एक

काका, श्वास घ्या.